घरच्याला कशाला आवतण?

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एखादी तक्रार उमटली, की आमचे तौर नाना आधी पायातल्या चपला काढून टेबलाखाली सारायचे. मग दोनदा खाकरायचे. मग खुर्ची पुढे ओढून, पडद्याकडे थोडं झुकून, आजारी सासऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात विचारायचे, "बोला पाव्हणं. काय हरकत हाय?"

हे मी रचून सांगत नाही. रचायची मला सवय आहे, हे माझे मित्र तुम्हाला हौसेने सांगतील. पण नानांच्या बाबतीत रचायला जागाच नव्हती. देवानं सगळं आधीच रचून खाली पाठवलं होतं.

मी भोकरदनच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला रुजू झालो तो दिवस सांगतो. जालन्यात खास शिवून घेतलेला सफारी अंगात, नेमणुकीचं पत्र हातात, आणि प्रयोगशाळेच्या दारात मी उभा. आत एक आडव्या अंगाचे गृहस्थ माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि कुणाची तरी समजूत घालत होते. "तुमचं म्हणणं बराबर हाय. पर तो आल्याबिगर मी बसणारच न्हाई, असं म्हणून कसं चालंल? बरं, त्याला आणतो. मंग तरी बसताल ना?" मला वाटलं, फोनवर बोलताहेत. सभ्य माणूस म्हणून मी थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी ते वळले, तर कानाला फोन नाही, समोर माणूस नाही. फक्त एक कॉम्प्युटर.

"नवे मास्तर ना तुमी? या, बसा," ते म्हणाले. "याला जरा समजावून राह्यलो. प्रिंटर मान्य करंना."

लिंबाजी तौर हे त्यांचं नाव. मूळचे वाटूरचे, खात्यापित्या शेतकरी घरातले. औरंगाबादला राहून गणितात एम.एस्सी. झाले आणि भोकरदनला गणिताचे प्राध्यापक म्हणून आले ते कायमचे. कॉलेजात कॉम्प्युटर आले, तेव्हा 'आकडेमोडीचं यंत्र आहे, गणितवाल्याकडे द्या' अशा बिनतोड तर्काने तो विभागही त्यांच्या गळ्यात पडला. नानांनी तो गळ्यातला हार समजून मिरवला. विनम्र वगैरे ते अजिबात नव्हते. "जालना जिल्ह्यात माझ्यासारखा दुसरा न्हाई," असं ते सहज सांगायचे, आणि समोरचा हसला तर म्हणायचे, "असला तं आणा की समोर!"

त्या काळी, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांत, बाकी सगळीकडे कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालायचे, ती बहुधा पैसे न मोजता कुणाची तरी नक्कल करून आणलेली असायची. नानांनी मात्र प्रयोगशाळेत लिनक्स आणलं, तीही एक प्रणालीच, पण सगळ्यांना खुली. पुण्याहून येणाऱ्या एका मासिकाबरोबर त्याच्या सीडी फुकट मिळत. "दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचं आन् सारखं मागं वळून बघायचं, हे आपल्याला जमत न्हाई," ते म्हणायचे. "हे घरचं जनावर हाय. ह्याचे दात मोजा, खूर बघा, कुणी काही म्हणणार न्हाई."

जनावर घरचं खरं, पण फार मानी होतं. ज्यांनी तो काळ भोगला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्समधला प्रत्येक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, एका गाठोड्यातून येतो, त्याला पॅकेज म्हणायचं. आता कुठलंच पॅकेज आपली सगळी भांडीकुंडी बरोबर घेऊन येत नाही. गावात जशी लग्नाकार्यासाठी गावकीची मोठी पातेली, घंगाळी असतात, ज्याला लागतील त्याने वापरावीत, तशी कॉम्प्युटरमध्येही काही सामायिक हत्यारं असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. पॅकेज आलं, की आधी बघतं, माझ्या मापाचं पातेलं आहे का? नसेल तर आत पाऊल टाकत नाही. पातेलं आणायला जावं, तर ते म्हणतं, माझ्याबरोबर माझी चूल हवी. चूल आणावी, तर ती म्हणते, ते जुनं पातेलं आधी बाहेर काढा. आणि जुनं पातेलं काढायला जावं, तर त्यावर जेवणारे दहाजण ओरडतात. आजच्या मुलांचे कॉम्प्युटर हे सगळं आपसात मिटवून टाकतात. तेव्हा एकेकाची मनधरणी माणसाने करायची असे.

आणि मनधरणीत नानांचा हात धरणारा खरोखरच दुसरा नव्हता. कारण हा धंदा ते कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून करत होते.

आपल्याकडे लग्न लागण्याआधी कुणीतरी रुसतो. रुसला नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. कुणाला फेटा मागून बांधला, कुणाला नुसतं 'या' म्हटलं आणि 'घरच्यांना घेऊन या' म्हटलं नाही, कुणाच्या दारात अक्षता शेजाऱ्यानंतर पोचल्या. असा सोयरा रुसला, की लोक नानांकडे जीप पाठवायचे. नाना जाऊन त्याला घेऊन यायचे. हे गेले आणि सोयरा आला नाही, असं कधी झालं नाही. एकदा त्यांनी मलाही बरोबर नेलं. "तुमी फक्त मान डोलवा, मास्तर," त्यांनी जीपमध्ये मला बजावलं. "शिकलेला माणूस मान डोलवून राह्यला, की रुसलेल्याला बरं वाटतं."

नवरीच्या बापाचे दोन साडू अडून बसले होते. एकाचं शहागडला हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान, दुसरा तिथून जवळच्याच खेड्यातला बागाईतदार. शहागडवाला म्हणे, तो आल्याशिवाय मी मांडवात जाणार नाही. बागाईतदार म्हणे, आधी शहागडवाला जाऊ द्या. कारण सरळ होतं. आधी येणारा वाट बघत बसतो आणि मागून येणाऱ्यासाठी वाजंत्री वाजते.

नाना टायरच्या ढिगावर बसले. दोनदा खाकरले. "पाव्हणं, तुमचं बिलकुल चुकत न्हाई. आधी जाणारा हलका पडतो. मी बी गेलो नसतो," ते म्हणाले. मी मान डोलवली. बागाईतदाराकडे जाऊन शब्दही न बदलता तेच सांगितलं. मी तीच मान तशीच डोलवली. मग दोघांना एकाच जीपमध्ये मागच्या बाजूला समोरासमोर बसवलं. मांडवापाशी आल्यावर मागचं फळकूट पाडलं आणि दोघांना एकदम, खांद्याला खांदा लावून खाली उतरवलं. वाजंत्री वाजली. कुणासाठी वाजली, हे त्या दोघांना अजून ठरवता आलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी सकाळपासून घामाघूम झालो होतो. एक पॅकेज दुसऱ्याशिवाय बसेना, दुसरं पहिल्याशिवाय. नानांनी मागून डोकावून पाहिलं. "मास्तर, काल काय बघून राह्यलते तुमी? एकाच जीपमधी घाला की!" एकाच आज्ञेत दोघांची नावं एकापुढे एक लिहिली. दोन्ही पॅकेजं मुकाट आत जाऊन बसली. मंडळी, पुस्तकातही उपाय हाच लिहिला आहे, फक्त त्यात जीप नाही.

असल्या भांडणावर एक आडदांड तोडगाही होता. आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडला, की कॉम्प्युटर कुणाचंही न ऐकता पॅकेज कोंबून बसवतो. मी तरुण होतो, मला तो शब्द फार आवडायचा. नानांना त्याची चीड होती. "जबरदस्तीनं बसवलेला पाव्हणा ताटावर बसतो, पर जेवत न्हाई," ते म्हणायचे. "आन् त्याचं पोट कधी दुखंल, ते तुमाला सांगून दुखणार न्हाई." कुणालाही न वगळता, प्रत्येकाला विचारून, प्रत्येकाचं ऐकून काम करायचं, हा त्यांचा बाणा होता. "इचारलं की माणूस निम्मा राजी होतो. राह्यलेला निम्मा च्यानं होतो." म्हणजे चहाने.

या माणसाने एका माणसाला विचारलं नाही.

वाटूरला नानांचा धाकटा भाऊ होता, रंगनाथ. वडिलोपार्जित जमीन तोच बघायचा. नानांना 'दादा' म्हणायचा आणि दादांच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याचा मुलगा विलास शिकायला नानांच्या घरी राहिला, आमच्याच कॉलेजात, आमच्याच यंत्रांवर तयार झाला. पोरगं हुशार. ऑफिसातले कारकून शेखबाबू प्रत्येक विद्यार्थ्याचा कॉलेज सोडल्याचा दाखला हाताने लिहायचे. ते बघून विलासने एक कार्यक्रम स्वतः लिहिला. नाव घातलं की शुद्ध मराठीत दाखला छापून बाहेर. शेखबाबूंनी त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. नाना येईल त्याला ऑफिसात नेऊन दाखवायचे, "आमच्या रंगनाथच्या पोरानं केलंय."

मग नानांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुनीताचं, लग्न ठरलं. नाना आवतण द्यायला वाटूरला गेले. दिवसभर गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर फिरून घरोघर पत्रिका आणि अक्षता दिल्या. फिरले कशावर? रंगनाथच्या मोटरसायकलवर. चालवत कोण होतं? रंगनाथ. प्रत्येक दारात रंगनाथ गाडी उभी करायचा, नाना आत जाऊन आग्रहाचं आवतण द्यायचे, रंगनाथ बाहेर गाडीपाशी थांबायचा. दुपारी रंगनाथच्याच घरी पिठलं-भाकरी झाली. संध्याकाळी त्याने नानांना वाटूर फाट्यावर आणून जालन्याच्या बसमध्ये बसवलं. बस हलली. नानांची पिशवी रिकामी होती आणि रंगनाथच्या हातात पत्रिका नव्हती.

लग्नाच्या दिवशी रंगनाथ आला नाही. त्याच्या घरचं कुणीच आलं नाही. विलासलाही सकाळी निरोप आला आणि तो मान खाली घालून वाटूरची बस धरायला गेला.

मी त्या मांडवात होतो. नाना दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. मुहूर्त टळत चालला, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "नाना, रंगनाथरावांना आवतण दिलं होतं ना?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांना शिवी दिल्यासारखं. "घरच्याला कशाला आवतण?" ते म्हणाले. "मास्तर, मांडव त्याचाच हाय! आवतण परक्याला देत असतेत. त्याला आवतण दिलं म्हंजे तू परका हायस, असं सांगितल्यासारखं झालं."

तिकडे रंगनाथ लोकांना सांगत होता, "सगळ्या गावाला आवतण, आन् मी निस्ता डायवर." दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. शहागडच्या साडूंसारखं. फक्त इथे दोघांना एका जीपमध्ये घालणारा माणूसच भांडणातला एक होता.

"मी जातो वाटूरला," मी पुष्कळदा म्हणालो. "मान डोलवायला मला येतं. पुढचंही शिकेन."

"तुमचं काम न्हाई ते."

"मग तुम्ही जा."

"रुसलेल्याकडं तिसऱ्यानं जावं लागतं. ज्याच्यावर रुसला त्यानं जाऊन उपेग न्हाई."

"म्हणून तर मी जातो म्हणतोय!"

"आन् लोक काय म्हणतेत? लिंबाजी तौराच्या घरात मध्यस्थ लागला?" एवढं बोलून ते फळ्याकडे वळायचे. विषय संपला. विलास पुण्याला नोकरीला लागल्याचं नानांना बाहेरून कळलं. त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही.

याच सुमाराला विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला. नव्या वर्षी जो कंपायलर, म्हणजे लिहिलेला कार्यक्रम यंत्राच्या भाषेत उतरवणारं हत्यार, वापरायचा, तो आमच्या जुन्या लिनक्सवर चालणार नव्हता. सगळी प्रणाली नवी करणं भाग होतं. प्राचार्यांना लिनक्सची कटकट आधीच नको होती. "तौर सर, जगात चालतं ते आपल्याकडे का नको?" त्यांनी भर बैठकीत विचारलं. "जूनमध्ये पोरं दाखल्यासाठी रांग लावतील. तुमचं मशीन रुसलं तर मी काय सांगू पालकांना?" ऑफिसचं कामही प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनवरच चालायचं, म्हणून ही धास्ती. नाना उभे राहिले. "एकाही लेकराचा दाखला अडला, तं विभागाच्या चाव्या तुमच्या टेबलावर. मंग तुमाला काय पाहिजे ते चालवा."

सुट्टीत आम्ही कामाला लागलो. नानांनी फळ्यावर सगळ्या पॅकेजांची सोयरीक मांडली. कोण कुणाशिवाय येत नाही, कुणाचं कुणाशी वाकडं. रेघा आणि बाण. प्राचार्य एकदा डोकावले आणि ती कुठल्यातरी गावाची भाऊबंदकी समजून निघून गेले. नाना चपला काढून बसत, खाकरत, "बोला पाव्हणं," म्हणत, आणि एकेका तक्रारीची वासलात लावत. कोंबायचा शब्द एकदाही वापरला नाही. शेवटी ज्याचं नाव यादीत होतं त्या प्रत्येकाला विचारून झालं. एकही तक्रार उरली नाही. नवं लिनक्स रुबाबात सुरू झालं. नानांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "बघा. लग्न लागलं, कुणी रुसलं न्हाई."

निकाल लागला, पोरं रांगेत उभी राहिली, आणि शेखबाबू घाईघाईने प्रयोगशाळेत आले. "नाना, दाखला निघंना झालाय. नाव टाकलं की मशीन काहीतरी इंग्रजी बडबड करतंय."

बडबड साधी होती. विलासचा कार्यक्रम एक जुनी लायब्ररी शोधत होता, आणि ती जागेवर नव्हती. नवी पातेली आली तेव्हा जुनी बाहेर काढली गेली होती.

"असं कसं?" नाना म्हणाले. "कुणाला ते पातेलं लागतं का, हे इचारून मंगच काढलं ना आपण? हा कामून बोलला न्हाई तव्हा?"

त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं, हा कार्यक्रम कुठल्या पॅकेजमधून आला आहे? कॉम्प्युटरने उत्तर दिलं, ही फाइल कुठल्याच पॅकेजची नाही.

मी ते वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं. विलासने तो कार्यक्रम इथेच बसून लिहिला होता, इथेच हाताने ठेवला होता. तो कुठल्या गाठोड्यातून बाहेरून आलाच नव्हता. म्हणून यादीत त्याचं नाव नव्हतं. म्हणून नवं-जुनं करताना त्याला कुणी काही विचारलं नाही. म्हणून तो काही बोललाही नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची मनधरणी झाली. हा तर घरचा होता.

नानांनीही ते वाचलं होतं. नानांनी पायात चपला घातल्या. मी त्यांना पडद्यासमोर चपला घालून बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

"विलासला विचारू," मी म्हणालो. "त्याच्याकडे मूळ प्रत असेल. नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधून देईल, त्याला काय अवघड? त्याचा पुण्याचा नंबर..."

नंबर फक्त वाटूरला होता. रंगनाथकडे.

खोलीत शेखबाबू, मी आणि नाना. बाहेर पोरांचा गलका. सैन्यात भरतीला जाणारी, डी.एड.ला नंबर लागलेली, सगळी दाखल्यावर अडलेली. नाना उठले. कोपऱ्यातल्या फोनपाशी गेले. वाटूरचा नंबर त्यांना पाठ होता, हे मी बघितलं. त्यांनी तो फिरवला, रिसीव्हर कानाला लावला. आमच्याकडे पाठ होती. मी आणि शेखबाबू एकमेकांकडे बघत उभे. बाहेर कुणी पोरगं ओरडलं, शेखबाबू त्याला गप्प करायला धावले, आणि मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो. वळलो तेव्हा नानांनी रिसीव्हर ठेवलेला होता.

"लाइन लागंना," ते म्हणाले.

"पुन्हा लावू?"

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी कपाट उघडलं. जुन्या सीडी काढल्या. "नवं पातेलं न काढता जुनं शेजारी मांडता येतंय का, बघतो. ज्याला जे लागंल, त्यानं ते घ्यावं."

आणि त्यांना ते आलं! जुन्या सीडीतून ती एकच लायब्ररी अलगद बाहेर काढली, वेगळ्या खोलीत ठेवावी तशी बाजूला ठेवली, आणि विलासच्या कार्यक्रमाला तेवढा रस्ता दाखवला. दाखला खर्र करत छापून बाहेर आला. शेखबाबूंनी तो पोरांसमोर झेंड्यासारखा फडकवला. दुपारपर्यंत रांग संपली. चाव्या नानांच्याच खिशात राहिल्या. पुढे प्राचार्यांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि भाषणात लिनक्स हा शब्द दोनदा चुकीचा उच्चारला. मी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

आज वाटतं, नाना त्या दिवशी हरायला हवे होते. जरा कमी हुशार असते, ती सीडी उंदराने कुरतडलेली असती, तर त्यांना तो फोन पुन्हा फिरवावाच लागला असता. इतकं चांगलं निमित्त देव पुन्हा कशाला पाठवेल? आणि नानांनी ते कुणाचाही अपमान न करता, अगदी सफाईने, दुरुस्त करून टाकलं.

"दिवाळीत जातो वाटूरला," ते त्यानंतर म्हणू लागले. दिवाळीत सुनीता बाळंतपणाला आली. मग म्हणाले, "परीक्षा होऊ द्या." थंडीत एका सकाळी वर्गात फळ्यावर गणित लिहिताना ते खुर्चीवर बसले, पोरांना म्हणाले, "जरा दम खाऊ द्या," आणि परत उठले नाहीत.

अंगणात माणसं जमली. नानांनी ज्यांचे रुसवे काढले होते त्यांतले अर्धे तरी तिथे होते, शहागडचा साडूसुद्धा. वाटूरला कळवायचं कुणी, कोणत्या तोंडाने, अशी कुजबुज चालू असतानाच जीप येऊन थांबली. रंगनाथ उतरला. नानांचंच शरीर, फक्त उन्हात जास्त तापलेलं. कुणीतरी पुढे होऊन चाचरत म्हणालं, "आम्ही आता कळवणारच होतो..."

"मैताला आवतण लागत न्हाई," रंगनाथ म्हणाला आणि आत गेला.

अग्नी विलासने दिला. तो पुण्याहून थेट पोचला होता.

सगळं आटोपल्यावर रंगनाथ पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. मी कोण, हे त्याला विलासकडून ठाऊक होतं. बराच वेळ त्याने काडीने मातीत रेघा ओढल्या.

"मास्तर, उन्हाळ्यात तुमचं मशीन बंद पडल्तं म्हणं?"

"हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भोकरदनच्या एका पाव्हण्याचा सकाळीच फोन आल्ता. दाखले अडलेत म्हणला. मी म्हणलो, आता दादाला पोराचा नंबर लागंल, फोन येईल. शेतात गेलो न्हाई. फोनपाशीच बसलो." काडी मोडली. "आल्ता एक. मी हॅलो म्हणलो. तिकडून कुणी बोलंना. निस्तं दोनदा खाकरलं. मी दादा म्हणायच्या आत ठेवून दिला."

मला कोपऱ्यातल्या फोनपाशी आमच्याकडे वळलेली नानांची पाठ आठवली.

"त्योच व्हता ना?"

"हो. तेच होते."

रंगनाथ मातीकडे बघत म्हणाला, "मंग पुन्हा कामून न्हाई केला?"

काय सांगणार? दाखले निघायला लागले होते.